शोकास वाट द्यावी

क्रौंचवधानें व्यथित झालेल्या वाल्मीकिमुनींच्या शोकाचाच श्लोक झाला, हें आमच्या वाचकांस विदित आहेच. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनीं १९८६ सालीं असेंच एक तत्त्व कसोटीस लाविलें. कांहीं विद्यार्थ्यांकडून त्यांनीं आयुष्यांतील दारुण प्रसंग, मनोभावांसह, लागोपाठ ४ दिवस रोज १५ मिनिटें लिहवून घेतला. लिहून होतांच मन अधिकच खिन्न होई. परंतु क्षुल्लक विषयांवर लिहिणारांपेक्षां त्यांस पुढील ६ महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळां चढावी लागली. आमच्या घराघरांतून मात्र दुःखितास ‘झालें गेलें विसरावें’ एवढेंच सांगण्यांत येतें. घाव फार खोल असल्यास तज्ज्ञांचें साहाय्य घ्यावेंच. परंतु एरव्हीं, आम्हांस वाटतें, त्याच्या हातीं एक वही द्यावी, आणि ती घरांतील कोणीं उघडूं नये.