दारातला कॉम्प्रेसर आणि घरातली बाई

तालुक्याच्या गावांतून हल्ली एक गोष्ट वरचेवर दिसते. मुलगा आयटीआय करतो, नाहीतर चार वर्षं कुणाच्या तरी गॅरेजवर हात काळे करतो आणि मग घराच्याच शेडमध्ये स्वतःचं काम सुरू करतो. चांगलंच आहे. सगळ्यात आधी येतो तो हवा भरायचा कॉम्प्रेसर. हार, नारळ, पेढे सगळं होतं. भांडवलासाठी बचत गटाचं कर्ज मात्र आईच्या नाहीतर बायकोच्या नावावर! पण मशीन कुठे बसवायचं, वायर कुठून ओढायची, हे ठरवताना तिला कुणी विचारत नाही. "तुला त्यातलं काय कळतंय?" हे उत्तर ठरलेलं.

मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच, की आपण ते कळून घ्यायला हवं. कारण त्या मशीनच्या आसपास दिवसभर आपणच वावरतो. तिथेच धुणं वाळतं, तिथेच पोरं खेळतात.

आणि त्यात अवघड तरी काय आहे? आपला प्रेशर कुकर आठवा. कुकरसारखाच या टाकीलाही सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. प्रमाणाबाहेर गेलेला दाब तो बाहेर सोडतो. मोटारीच्या चाकात साधारण ३० ते ३५ पौंड हवा लागते, टाकीत मात्र १०० पौंडांच्या वर दाब असतो. अशा टाकीचा व्हॉल्व्ह गळतो म्हणून बूच मारून बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ.

दुसरी गोष्ट पाण्याची. हवा दाबली की तापते, टाकीत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि तळाशी साठतं. खालचा कॉक उघडून ते रोज सोडावं लागतं. नाही सोडलं तर टाकी आतून गंजते, पत्रा पातळ होतो आणि एक दिवस ती फुटू शकते. वरून नवा रंग दिलेली जुनी टाकी स्वस्तात घेताना म्हणूनच दहादा विचार करावा. टाकीला वेल्डिंगचं ठिगळ दिसलं तर ती नकोच.

पट्ट्याच्या मशीनला जाळी हवीच. साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस ओढले जायला क्षणही लागत नाही. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज खेचते. त्यामुळे मिक्सरच्या प्लगवर ती चालवू नये. जाणत्या वायरमनकडून वेगळी लाइन, एमसीबी आणि चांगलं अर्थिंग करून घ्यावं. मशीन मोकळ्या हवेत, भिंतीपासून थोडं दूर आणि गॅस सिलिंडर, पेट्रोल यांपासून लांब असावं. खाली रबराचे तुकडे घातले की हादरे कमी बसतात. शेजाऱ्यांचाही विचार हवा. राहत्या वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हा सन २००० चा नियम आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोरं. हवेचा पाइप हे खेळणं नव्हे. गंमत म्हणून तो अंगाला लावला आणि आतडी फाटून जीव गेला, अशा घटना आपल्या देशात घडल्या आहेत. कपड्यांवरची धूळसुद्धा त्या हवेने झटकू नये. काम संपलं की स्विच बंद, टाकीतली हवा खाली, पाइप गुंडाळून उंचावर. ही शिस्त घरातली बाईच लावू शकते.

बचत गटाच्या बैठकीत कर्ज मंजूर करताना आपण हप्ता विचारतो, जामीन विचारतो. यापुढे एवढंही विचारूया: टाकी नवी की जुनी? व्हॉल्व्ह, जाळी, अर्थिंग आहे का? पाणी रोज कोण सोडणार? कर्जाच्या कागदावर सही आपली असेल, तर त्या यंत्राबद्दल चार प्रश्न विचारायचा हक्कही आपलाच आहे. तो मागायला लाजायचं कशाला?