तोंडी तारीख

गेल्या वर्षी सप्टेंबरात आमच्या घरी गाडीचा विषय निघाला तो हौसेपोटी नव्हे. अब्बांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, तेही ठाण्याला. कल्याणात सोयीच्या वेळेची पाळी मिळत नव्हती आणि अब्बांना त्यांचे जुने डॉक्टर सोडायचे नव्हते. चार तास मशीनवर पडून उठलेल्या सत्तरीच्या माणसाला लोकलच्या गर्दीत घालता येत नाही. अॅपवरची टॅक्सी येते, पण 'कल्याण' नाव वाचलं की निम्मे ड्रायव्हर फेरी रद्द करतात. मग केंद्राच्या पायरीवर अम्मी अब्बांना धरून उभ्या आणि आम्ही फोनवर दुसरी गाडी शोधतोय, असं वर्षभर चाललं होतं.

आम्ही तिघं भावंडं. धाकट्या बहिणीची भिशी लागली, मधल्याने पीएफमधून काढले, मोठ्याने साठवलेले घातले. व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही ही अब्बांची एकच अट. तेवढ्यात 22 सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला आणि सगळं मिळून साडेसात लाखांत बसेल असं दिसलं. 27 तारखेला शनिवारी शिळ रोडवरच्या एका दालनात जाऊन अकरा हजार भरून बुकिंग केलं. किंमत उतरलेली, त्यात नवरात्र, त्यामुळे दालनात पाय ठेवायला जागा नव्हती.

आमचं काम पाहणारा मुलगा डोंबिवलीचा, पंचविशीतला, बोलायला गोड. म्हणाला, "काका, तीन आठवडे. धनत्रयोदशीला गाडी तुमच्या दारात." अब्बा म्हणाले, "बेटा, आम्हाला मुहूर्त नको, पण तारीख पक्की सांग." तो म्हणाला, "पक्की." बुकिंगच्या कागदावर 'अपेक्षित डिलिव्हरी' असा एक रकाना होता. त्यात त्याने 'स्टॉकनुसार' असं लिहिलं. आम्ही सही केली. तिघंही शिकलेले, एक जण तर शाळेत शिकवतो, आणि तिघांनीही तो शब्द वाचून सही केली.

आठवड्याने फोन आला की पूर्ण पैसे आल्याशिवाय गाडी नावावर लागत नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कुणालाच घेता येत नाही, म्हणून 6 ऑक्टोबरला बँकेतून आरटीजीएस केलं. त्या संध्याकाळी आमच्या हातात काय होतं? पैसे मिळाल्याची पावती. गाडीचा चासी नंबर नाही, तारीख नाही. साडेसात लाख त्यांच्याकडे आणि 'पक्की' हा शब्द आमच्याकडे.

18 ऑक्टोबरला धनत्रयोदशी आली नि गेली. आमच्या इमारतीखाली दोन नव्या गाड्या हार घालून उभ्या राहिल्या, त्यांची मिठाई आमच्याकडेही आली. आमच्यासाठी मात्र आधी ट्रेलर कुठेतरी अडकला, मग पांढरा रंग संपला, मग 'कंपनीकडूनच माल नाही'. मागणी खरोखरच वाढली होती, हे वर्तमानपत्रांतही येत होतं, म्हणून आम्ही सब्र केला. पण सब्र करणारा एक आणि त्याची किंमत भोगणारा दुसरा, असं घरात चाललं होतं. अब्बा टॅक्सीतून परत येताना मान टाकून बसायचे. भिवंडी बायपासवर मेट्रोची कामं, रांजणोलीला कोंडी. एकदा दीड तास लागला तेव्हा त्यांना गाडीतच उलटी झाली आणि ड्रायव्हरने अम्मींना नको ते ऐकवलं.

8 नोव्हेंबरला आम्ही पुन्हा दालनात गेलो. मॅनेजर साहेबांनी चहा मागवला आणि मार्ग सुचवला: "तुम्ही फायनान्स करा ना. छोटं लोन करू, दोन दिवसांत गाडी देतो. दोन महिन्यांनी बंद करून टाका." आम्हाला आधी समजलंच नाही. ज्याचे सगळे पैसे आधीच भरलेत, त्याने कर्ज कशासाठी काढायचं? बाहेर पार्किंगपर्यंत सोडायला आलेल्या त्या मुलाने हळूच सांगितलं, "काका, माझं नाव घेऊ नका. लोनवर आणि विम्यावर दालनाला कमिशन मिळतं. तुमचं त्यात काहीच नाही. म्हणून तुमच्यासारखे मागे राहतात."

त्या रात्री आमच्या घरात जे झालं ते लिहावं की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. मधला म्हणाला, घेऊन टाकू लोन, दोन महिन्यांचं व्याज असेल किती, अब्बांच्या उलट्यांपेक्षा जास्त आहे का ते? धाकटी रडायलाच लागली, कारण तिलाही तेच वाटत होतं आणि बोलवत नव्हतं. अडचणीत सवलत असते, असंही कुणीतरी म्हणालं. ज्यांनी कर्ज काढून घर केलं, गाडी केली, अशी माणसं आमच्याच खानदानात आहेत, त्यांच्याकडे आम्ही कधी बोट दाखवलेलं नाही. अब्बा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अडचण असती तर मीच म्हटलं असतं. ही अडचण नाही, ही त्यांनी तयार केलेली आहे. माझ्या आजारावर त्यांना कमिशन कशाला?"

मग त्यांनी एक गोष्ट काढली, जी आम्ही मदरशात शिकलो होतो आणि पार विसरलो होतो. मदिनेतले लोक खजुरांचे पैसे वर्ष वर्ष आधी देऊन सौदा करत. हजरत मुहम्मद (स.) यांनी तो सौदा बंद केला नाही, मात्र अट घातली: माप ठरलेलं, वजन ठरलेलं आणि मुदतही ठरलेली हवी. बुखारी शरीफमध्ये ही हदीस आहे. आगाऊ पैसे देण्यात चूक नव्हती, मुदत न लिहून घेण्यात होती. सूरह बकराहची 282वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब आयत, तीही मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. अब्बा म्हणाले, "मुदत त्यांनी लिहिली नाही, ठीक. आता आपण लिहू."

10 नोव्हेंबरला पत्र गेलं. एकच पान, राग न घालता. बुकिंगची तारीख, पैसे भरल्याची तारीख, तोंडी दिलेली 18 ऑक्टोबरची तारीख आणि तिचा उल्लेख असलेले व्हॉट्सअॅपचे निरोप. (इथे आमचं नशीब चांगलं. त्या मुलाने 'धनत्रयोदशी नक्की' असं लिहून पाठवलं होतं, आणि ते पुसायचं कुणाला सुचलं नव्हतं.) पुढे मागणी: सात दिवसांत चासी नंबर कळवा, नाहीतर सगळी रक्कम परत करा. आणि 18 ऑक्टोबरपासून दर फेरीचं टॅक्सीभाडं द्या, बिलं सोबत. कर्जाच्या अटीवर गाडी देऊ असं तोंडी सांगितलं गेलं, हेही त्यात लिहिलं. मुलाचं नाव कुठेही घातलं नाही. पत्र दालनाच्या ईमेलवर, कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने असं तिन्हीकडे पाठवलं.

मधल्याने विचारलं, व्याज का नाही मागायचं? आयोगात तर लोक मागतात, मिळतंही. आमच्या पत्रात ते नव्हतं. जे खिशातून गेलं तेवढं मागायचं, असं ठरलं. वकिली करणाऱ्या एका नातेवाइकाला हे पटलं नाही, तो अजून आम्हाला हसतो.

सात दिवस उत्तर आलं नाही. 18 नोव्हेंबरला 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथे मराठीतही बोलता येतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. तक्रारीचा नंबर मिळाला. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते आणि उत्तर मागते. तेवढ्याने भागलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलं होतं, आणि त्यासाठी आम्ही जी चौकशी केली ती इथे सांगून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल. 2019चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020पासून लागू आहे. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात जातं, आणि तक्रार करणारा जिथे राहतो तिथेही ते दाखल करता येतं, म्हणजे कंपनीचं मुख्य कार्यालय दिल्लीत असलं तरी आपल्याला ठाणे पुरे. आमच्या रकमेला, म्हणजे पाच ते दहा लाखांच्या मधल्या व्यवहाराला, फी दोनशे रुपये. पाच लाखांपर्यंत फीच नाही. वकील हवाच असं नाही. ऑनलाइनही दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. निकाल मात्र कायद्यातल्या मुदतीत लागेल अशी आशा धरून बसू नये.

या धावपळीत शिळ रोडवरून जाताना अब्बांनी प्रीमियर मैदानाकडे बोट केलं. आता सभांसाठी लोकांना माहीत असलेलं ते नाव एका मोटार कारखान्याचं आहे. 1994च्या सुमारास प्रीमियर आणि फ्रान्सची पूजो कंपनी मिळून इथेच 309 नावाची गाडी बनवत होत्या. लोकांनी आगाऊ पैसे भरून ती बुक केली. मग कामगारांचा तंटा, भांडवलाची ओढाताण, आणि फ्रेंच भागीदार निघून गेले. ज्यांची गाडी आली नाही त्यांना भरलेली रक्कम परत मिळवायला ग्राहक मंचांच्या खेपा घालाव्या लागल्या. प्रीमियरच्याच कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाट उनोसाठीही दोन लाखांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं होतं, आणि तिथेही गाड्या वेळेवर निघाल्या नाहीत. त्याआधीच्या काळात तर स्कूटरसाठी माणसं वर्षानुवर्षं थांबत. "तेव्हा माल नव्हता म्हणून थांबायचो," अब्बा म्हणाले. "आता माल आहे आणि थांबवतात."

21 तारखेला कंपनीच्या कार्यालयातून फोन आला, अगदी नम्र. 22ला चासी नंबर आला. मग दालनाने नवीन अडचण काढली: विमा आमच्याकडूनच. आम्ही बाहेरून घेतलेला दर बराच कमी होता. विमा कुठून घ्यायचा हे ग्राहक ठरवतो, दालनाला सक्ती करता येत नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे. एवढं ईमेलवर लिहिल्यावर तो विषय पुन्हा निघाला नाही. नव्या कारला तृतीय पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, तेवढं मात्र टळत नाही.

29 नोव्हेंबरला गाडी घेतली. हार घालायला आणलेला तो बाजूला ठेवून धाकटीने आधी कागद काढले. विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 21, त्यावर गाडी कोणत्या महिन्यात आणि वर्षात बनली ते लिहिलेलं असतं. आमची ऑक्टोबर 2025ची निघाली. उशिराच्या बदल्यात जुना, उन्हात उभा राहिलेला माल तर गळ्यात घालत नाहीत ना, ही भीती होती. चासी नंबर कागदावरचा आणि गाडीवरचा, दोन्ही ताडून पाहिले. एमएच 05ची पाटी पुढे-मागे बसलेली होती. नोंदणीशिवाय गाडी ताब्यात देणं दालनाला नियमाने चालत नाही, तेव्हा 'नंबर नंतर येईल, आत्ता घेऊन जा' असं कुणी म्हणालं तर घेऊ नये.

मॅनेजर साहेबांनी गैरसोयीबद्दल मॅट आणि सीट कव्हर फुकट देऊ केले. अब्बा म्हणाले, "मॅट नको, भाडं द्या." सहा आठवडे, अठरा फेऱ्या, जाऊन-येऊन दर फेरीला बाराशे, म्हणजे एकवीस हजार सहाशे. साहेब म्हणाले, अशी पद्धत नाही. आम्ही पत्राची प्रत पुढे ठेवली. दोन-तीन फोन झाले, आत-बाहेर झालं. शेवटी दहा हजारांचा चेक मिळाला. उरलेल्यासाठी आयोगात जावं असं मधल्याचं म्हणणं होतं, अजूनही आहे. बाकीच्यांना दम नव्हता. हे बरोबर केलं की नाही यावर घरात एकमत नाही.

तो डोंबिवलीचा मुलगा किल्ली द्यायला पुढे आला. त्याने अब्बांकडे पाहून मान खाली घातली. अब्बांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तुझा पगार तरी वेळेवर देतात ना रे?" तो हसला, उत्तर दिलं नाही.

पहिल्या सोमवारी डायलिसिसनंतर अब्बा मागच्या सीटवर उशी घेऊन आडवे झाले. रांजणोलीला नेहमीसारखीच कोंडी होती, अर्धा तास गाडी हलली नाही. अम्मींनी काच थोडी खाली केली आणि तस्बीह काढली. दुर्गाडीच्या पुलावर आलो तेव्हा अब्बा गाढ झोपले होते, म्हणून घरासमोर गाडी थांबवल्यावर आम्ही त्यांना दहा मिनिटं उठवलं नाही.