इअरफोन घेताना आधी कान बघा

मधल्या सुट्टीत एका मुलाच्या इअरफोनमधलं गाणं मला दोन हात अंतरावरून ऐकू येत होतं. मग त्याच्या कानाचं काय होत असेल?

पालकहो, इअरफोन घेताना आपण किंमत आणि 'बेस' बघतो. माझ्या मते आधी त्याची रबराची टोपी बघावी. सोबत बहुधा लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्या मिळतात. मुलाच्या कानात नीट बसेल तीच लावा. टोपी सैल असली की बाहेरचा गोंगाट आत शिरतो, बेस पातळ होतो आणि मूल आवाज वाढवत जातं. नीट बसली तर झाडीपट्टीच्या नाटकातलं गाणं कमी आवाजातही छान ऐकू येतं, पेटी-तबल्यासकट.

जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते. आवाज वाढला की वेळ कमी करायचा.

पण जी टोपी घरात चांगली, तीच रस्त्यावर धोक्याची. आपल्या ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ आहेत. सायकलने शाळेत येणाऱ्या पोराचे कान उघडेच हवेत. गाणी घरी बसून खुशाल ऐकू द्या!