घरचा शॉकअप आणि कसोटीची शिस्त

विज्ञान प्रदर्शन जवळ आले की वरच्या वर्गांतली काही मुले सायकलला स्वतः शॉकअप बसवायचे मनावर घेतात. बेळगावात याचे नवल वाटायला नको. उद्यमबागेत फाउंड्री, लेथ, वेल्डिंग सारे हाताशी आहे आणि कित्येकांच्या घरातच टर्नर-फिटर आहेत. प्रश्न पुढचा आहे. असा घरी बनवलेला पुढचा चिमटा, म्हणजे सस्पेन्शन फोर्क, सुरक्षित आहे हे कोणी आणि कसे ठरवायचे?

यावर पालकांत दोन मते ऐकू येतात. एक, असले उद्योग बंदच करावेत. दुसरे, पडल्या-झडल्याशिवाय शिकत नाहीत, करू द्यावे. आम्हांला दोन्ही मते मान्य नाहीत.

बंदीचे मत टिकत नाही, कारण डोंगरी सायकलचा शॉकअप अशाच खटपटीतून आला. अमेरिकेत मोटारसायकल शर्यतीच्या क्षेत्रातून आलेल्या पॉल टर्नर यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस असे फोर्क घडवायला सुरुवात केली. त्यातूनच 'रॉकशॉक्स'चा पहिला फोर्क निघाला. तो दाबला जायचा जेमतेम दोन इंच! पण त्या पहिल्या नमुन्यांवर बसणारे कसलेले स्वार होते, शाळकरी मुले नव्हती.

'पडू द्या' हे मत तर धोक्याचेच आहे. मागचा शॉकअप बिघडला तर सायकल बहुधा डगमगेल, थांबेल. पुढचा चिमटा मोडला तर चाक निसटते आणि स्वार तोंडावर आपटतो. सावरायला वेळच मिळत नाही.

भार किती येतो, याचा हिशेब आठवीचा विद्यार्थीही करू शकेल. ५० किलोचा मुलगा अर्ध्या मीटरवरून खाली आला, तर सुमारे २४५ ज्यूल ऊर्जा होते. ती ५ सेंटिमीटरांत जिरवायची म्हटली तर सरासरी बल ५ हजार न्यूटनांच्या घरात जाते, म्हणजे जवळजवळ ५०० किलो वजनाएवढे. हातपाय आणि मागचे चाक त्यातला काही वाटा उचलतात, हे खरे. पण शॉकअप पूर्ण दाबून खाडकन बसला, तर बल याहूनही वाढते.

'आम्ही दोघे बसून पाहिले, काही झाले नाही' ही परीक्षा नव्हे. धातू एका दणक्याने मोडतो तसा हजारो लहान दणक्यांनी थकूनही मोडतो. ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवले. पोलाद ठरावीक मर्यादेखालचा ताण फार काळ सोसते. ॲल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादा नाही, शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळ ते मऊ पडते. म्हणून सायकलींच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ४२१० मध्ये, फोर्क यंत्रावर एक लाख वेळा मागे-पुढे वाकवून पाहतात. त्यावर वजन आदळण्याची चाचणीही वेगळी असते.

एवढे यंत्र शाळेत नाही. तरीही पुष्कळ काही करता येते. स्प्रिंग काढून शॉकअप पूर्ण दाबावा. टायर वरच्या पट्टीला, म्हणजे क्राउनला, घासता कामा नये. तो पूर्ण ताणावा; आतली नळी बाहेर निसटता कामा नये. नळी आणि क्राउनच्या सांध्यात धारदार कोपरा आहे की गोलाई, ते पाहावे. तडा बहुधा कोपऱ्यातूनच सुरू होतो. डिस्क ब्रेक असेल तर एकाच पायावर पीळ येतो, हे विसरू नये. शेवटी फोर्क चौकटीत घट्ट धरून, माणूस दूर उभा ठेवून, वजन आदळावे आणि नंतर सांधे डाय पेनेट्रंटने तपासावेत. डोळ्याला न दिसणारी भेगही पांढऱ्या थरावर लाल रेघेने उमटते. फाउंड्रीवाल्या पालकांना ही तपासणी नवी नाही.

यातले सारे जमले तरी फोर्क सुरक्षित ठरला असे नाही. फक्त नापास झालेला फोर्क लवकर कळतो, एवढाच याचा अर्थ. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: मुलांनी फोर्क जरूर बनवावा, प्रदर्शनात मांडावा, मोडेपर्यंत आदळावा, पण त्यावर कोणी बसू नये.

मुलांचा विरस होईल, असे काही जण म्हणतील. आम्हांला तसे वाटत नाही. परीक्षकांनी चकचकीत रंगापेक्षा चाचणीच्या वहीला अधिक गुण द्यावेत. कुठे मोडला, किती दणक्यांनंतर मोडला आणि का मोडला, हे लिहिणारा विद्यार्थी बक्षिसाला पात्र ठरावा. विश्वस्त मंडळाने एक मजबूत लोखंडी चौकट आणि डाय पेनेट्रंटचे किट यांचा खर्च मंजूर करावा, आणि कारखानदार पालकांनी महिन्यातला एक शनिवार शाळेला द्यावा, ही आमची विनंती आहे. मोडलेला फोर्क दुरुस्त करता येतो. मुलाच्या मानेचे तसे नाही.