चिठ्ठी यंत्राची, जबाबदारी कोणाची?

भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी हे तानसा नदीकाठचे, गरम पाण्याच्या कुंडांसाठी आणि भगवान नित्यानंदांच्या समाधीसाठी प्रसिद्ध असलेले गाव. जिल्हा ठाणे, परंतु पिनकोड ४०१२०६, म्हणजे वसई, पालघर, डहाणूच्या मालिकेतला. तालुका भिवंडी असला तरी भिवंडी-निजामपूर महापालिकेची हद्द येथवर येत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हाही भिवंडी तालुका ठाण्यातच राहिला. स्थानिक टपालवाल्याला हा गुंता सवयीने उमगतो. यंत्राला तो शिकवावा लागतो. तक्रारींची छाननी यंत्रांकडे सोपविण्याचा प्रवाह वाढत असताना हा फरक लक्षात घेणे अगत्याचे आहे.

सॉफ्टवेअरच्या जगाला हा प्रश्न आधीच भेडसावला. २००८ साली सुरू झालेल्या गिटहबवर प्रत्येक प्रकल्पाच्या भांडारात दोष, सूचना आणि शंका ‘इश्यू’ म्हणून नोंदविल्या जातात. त्यांवर लेबले लावली जातात. नव्या प्रकल्पाला नऊ लेबले तयारच मिळतात. त्यांत ‘बग’ आहे, ‘डुप्लिकेट’ आहे आणि ‘दुरुस्त करणार नाही’ असे बजावणारे ‘वोन्टफिक्स’ही आहे. लेबल दिसायला रंगीत चिठ्ठी असते. पण नोंद कोण पाहणार, केव्हा पाहणार, की पाहणारच नाही, हे पुष्कळदा तिच्यावरच ठरते.

मोठ्या प्रकल्पांत नोंदींचा ओघ इतका असतो की हे काम हाताने उरकत नाही. त्यातून लेबले लावणारी छोटी साधने जन्माला आली. गिटहबने स्वतःच्या कमांड लाइन साधनाची पहिली पक्की आवृत्ती २०२० मध्ये आणली. आता टंकलेल्या एका ओळीत अनेक नोंदींवर लेबल लावता येते. शीर्षकात ‘क्रॅश’ आला की ‘बग’ लावा, असा नियमही साधनाला शिकविता येतो. कारकुनी श्रम वाचतात, यात शंका नाही. परंतु ‘क्रॅश झाल्यावर दिसणारा संदेश मराठीत असावा’ ही सूचना याच नियमाने दोष ठरते. माणसाची चूक एका नोंदीपुरती राहते; नियमाची चूक क्षणार्धात शेकडो नोंदींवर उमटते.

फायरफॉक्स बनविणाऱ्या मोझिलाने २०१९ मध्ये यावर व्यवहार्य तोड सांगितली. आधीच्या नोंदींवरून शिकविलेली प्रणाली नवा दोष कोणत्या विभागाकडे जावा हे सुचवू लागली. मात्र स्वतःच्या उत्तराची खात्री ६० टक्क्यांहून अधिक असेल तरच तिने निर्णय घ्यावा, असे बंधन घालण्यात आले. उरलेल्या नोंदी माणसांकडे. या मर्यादेत तिची अचूकता ८० टक्क्यांच्या वर गेली. ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याची मुभा यंत्राला देणे, हे या प्रयोगाचे मर्म होय.

शासकीय तक्रारींच्या बाबतीत हेच मर्म अधिक मोलाचे ठरते. केंद्राच्या तक्रार निवारण प्रणालीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू झाला असून, ऑगस्ट २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी निवारणाची मुदत २१ दिवसांवर आणली. समजा, गणेशपुरीतील रहिवाशाने खचलेल्या रस्त्याची तक्रार केली. पिनकोड पाहणारा नियम ती पालघरला धाडील; ‘भिवंडी’ हा शब्द पाहणारा नियम महापालिकेला. रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हा खरा प्रश्न दोन्हीकडे अस्पर्श राहील. ‘आमच्याशी संबंधित नाही’ असा शेरा येईल, मुदत संपेल आणि कागदोपत्री तक्रार निकाली निघेल. खड्डा तेथेच राहील.

टेबलामागची माणसेही चुकत होती, असा प्रतिवाद होईल आणि तो खोटा नाही. पण टेबलाशी जाऊन जाब विचारता येत असे. प्रोग्रॅमरांच्या जगात यंत्रालाही जाब विचारण्याची सोय आहे. गिटहबवर कोणते लेबल कोणी, कधी लावले वा काढले, याची नोंद इश्यूखालीच दिसते; खुल्या प्रकल्पांत नियमांची फाइलही कोणालाही वाचता येते आणि तीत दुरुस्ती सुचविता येते. नागरिकाच्या तक्रारीला एवढा तरी मान मिळायला हवा: वर्गीकरण कोणत्या नियमाने झाले हे कळावे, चुकलेले वर्गीकरण बदलून मागता यावे, आणि चुकीच्या दारी गेलेले दिवस तक्रारदाराच्या मुदतीतून कापले जाऊ नयेत.

यंत्राने चिठ्ठी जरूर लावावी. मात्र ती कोणाच्या नावाने लावली, हे सांगण्यास कोणी तरी बांधील असले पाहिजे. अन्यथा वेग तेवढा वाढेल. तक्रार पूर्वी हळू हरवत होती, ती आता झटपट हरवेल.