लहान गिऱ्हाईक आणि आपला माल

लोणखेडा परिसरात ऊस, केळी व पपई पिकविणाऱ्या शेतकऱ्यापुढे मॉरिशसचे नाव काढले, तर त्या चिमुकल्या बेटाशी आपला काय संबंध, असा प्रश्न तो सहजच करील. हिंदी महासागरातील हा देश मुंबईपासून सुमारे ४,७०० किलोमीटर दूर आहे. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या शिरगणतीत एकट्या नंदुरबार जिल्ह्याचीच साडेसोळा लाखांजवळ भरली होती. १८३४ पासून तेथील उसाच्या मळ्यांवर जे भारतीय मजूर नेण्यात आले, त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. परंतु प्रस्तुत विषय नात्याचा नसून व्यवहाराचा आहे.

बेटावरील बहुतेक शेतजमीन उसाखाली गेल्यामुळे तांदूळ व गहू बाहेरून आणावे लागतात, आणि कांदाही बराचसा बाहेरूनच येतो. कांद्याची आयात तेथील सरकारी ॲग्रिकल्चरल मार्केटिंग बोर्ड करते. म्हणजे गिऱ्हाईक लहान खरे, पण ठरलेले.

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. देशातील भाव आवरणे हा त्यामागील हेतू होता व तो गैर म्हणता येणार नाही. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये चार देशांपुरती सवलत निघाली. तीत बांगलादेशाच्या वाट्याला ५०,००० टन आले, मॉरिशसच्या वाट्याला १,२०० टन. एवढा माल दहा टनांच्या १२० ट्रकांत मावतो. हंगामात एकट्या लासलगावच्या बाजारात याहून अधिक आवक एका दिवसात होते. तो देशातच राहिल्याने मुंबईच्या बाजारात भाव रतीभरही उतरत नाही. बेटावरील बोर्डास मात्र दुसरा पुरवठादार शोधणे भाग पडते, आणि एकदा जोडलेला पुरवठादार कोणी आपली बंदी उठताच सोडून देत नाही. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण तिच्या जागी ४० टक्के निर्यात शुल्क आले. ते पूर्णपणे जाण्यास १ एप्रिल २०२५ उजाडला.

आफ्रिका खंडातील देशाशी भारताने केलेला पहिला व्यापार करार मॉरिशसशीच झाला व तो १ एप्रिल २०२१ पासून अमलात आहे. करारातील सवलती कितीही चांगल्या असोत, माल बंदरातच अडला तर त्यांचा उपयोग काय? माझे मत असे की, टंचाईच्या काळी बंदी घालावी लागलीच, तर अशा लहान व नेहमीच्या गिऱ्हाइकांचा कोटा त्याच आदेशात राखून ठेवावा. त्यासाठी अडीच महिने लावू नयेत. या कोट्याच्या आडून व्यापारी भलतीकडे माल पाठवतील, ही शंका रास्त आहे. परंतु जेथे घेणारे सरकारी बोर्डच आहे, तेथे माल कोठे उतरला याचा पडताळा घेणे अवघड नाही.

कांदा हे आपल्याकडील मुख्य पीक नव्हे. तरीही पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्याने मॉरिशसच्या साखरेची हकीकत अवश्य ऐकावी. १९७५ पासून युरोप त्या देशाची सुमारे ५ लाख टन साखर दरवर्षी हमी भावाने घेई, आणि तो भाव बहुधा जागतिक बाजारापेक्षा बराच चढा असे. युरोपने पुढे ही किंमत ३६ टक्क्यांनी उतरवली व २००९ मध्ये तो करारच संपविला. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेल्या देशावर हे संकट होते. त्यांनी कारखाने एकत्र केले, चिपाडावर वीज निर्माण केली आणि कच्च्या साखरेऐवजी खास प्रतीची तपकिरी साखर बाजारात आणली. तशा साखरेला आज भारतातही सवलत आहे.

आपल्या पपईची अवस्था निराळी आहे काय? ती मुख्यतः उत्तर भारतातील व्यापाऱ्यांच्या भरवशावर पिकते, आणि दरासाठी शहादा बाजार समितीत शेतकरी व व्यापारी यांच्या बैठका घ्याव्या लागतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या हंगामात गावोगाव एवढी चौकशी करावी: किती शेतकऱ्यांची पपई एकाच व्यापाऱ्याकडे जाते, दुसरे गिऱ्हाईक पूर्वी कोणाकडे होते आणि ते का तुटले. गटवार नोंदी हाती आल्यास, थोडा परंतु नियमित माल एकत्र करून दुसऱ्या बाजारी पाठविता येईल की नाही, हे पेरणीपूर्वी ठरविता येईल.