डिश घरात, कास्तकार वावरात!

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजी आणणाऱ्या कित्येक कास्तकारांच्या घरी आज डिश आहे. डीडी फ्री डिशवर आकाशवाणीच्या वाहिन्याही फुकट मिळतात, पण टीव्हीपुढे बसूनच! वावरात निंदण चालू असताना त्यांचा उपयोग काय?

यावर तोड सुचते ती छोट्या एफएम ट्रान्समीटरची. डिशचा आवाज त्याला जोडला, की आसपासचे साधे रेडिओही बोलू लागतील. यंत्र स्वस्त आहे. घोडे अडते ते परवान्यापाशी. बिहारमधील मन्सूरपूरच्या एका तरुणाने घरीच उभारलेले केंद्र २००६ मध्ये सरकारने बंद पाडले.

त्याच वर्षी सामुदायिक रेडिओचे नवे धोरण आले. नोंदणीकृत सामाजिक संस्था किंवा कृषी विज्ञान केंद्र १०० वॅटपर्यंतचे केंद्र चालवू शकते. अट एवढीच, की निदान निम्मे कार्यक्रम गावकऱ्यांच्या सहभागाने व्हावेत.

ही अट जाचक वाटेल, पण हिताची आहे. वर्ल्डस्पेसची उपग्रह रेडिओसेवा २००९ च्या अखेरीस भारतात बंद झाली आणि विकत घेतलेले संच मुके झाले. वरून येणारा आवाज वरूनच बंद होतो. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’ने गावचा आवाज गावालाच ऐकवला. आपल्याकडच्या संस्थांनीही चोरून यंत्र लावण्यापेक्षा रीतसर अर्ज करावा. आपल्या बाजाराचे भाव आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकायला कोणाला नको आहेत?